जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाताना

जपानच्या सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला तिथल्या शिक्षकाच्या जोडीला परदेशी सहायक शिक्षक असतो. त्याला सगळे एएलटी म्हणतात. मी हे काम नागानो प्रांतातल्या एका लहान गावात काही वर्षं केलं. निम्मा आठवडा माध्यमिक शाळा, उरलेला प्राथमिक. आता सांगलीत परत आले आहे, आणि पलूस, तासगाव, कराडकडून कुणी ना कुणी विचारायला येत असतं. प्रश्न बहुतेक व्हिसाचा आणि पगाराचा असतो. तो सांगतेच, पण माझं ठाम मत आहे की तिथं माणूस रुळतो की वर्षभरात सामान बांधतो, हे घर आणि स्टाफरूम ठरवतात. गॅस, कचरा, थंडी, डबा आणि शिक्षकांच्या खोलीतलं वागणं एवढं जमलं की शिकवायला डोकं मोकळं राहतं. म्हणून पुढं त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी कागद

मध्यंतरी वाळव्याकडचे एक काका मुलीला घेऊन आले होते.

"मॅडम, पोरीला जपानला मास्तरीण म्हणून धाडायचं म्हणतोय. एजंट चार लाख मागतोय. भरू का?"

"काका, व्हिसा कुठला काढून देणार म्हणतोय तो?"

"पहिलं भाषेच्या शाळेचा, मग तिथं गेल्यावर नोकरी लावतो म्हणतोय."

त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगते. भाषेच्या शाळेचा व्हिसा हा विद्यार्थ्याचा व्हिसा. त्यावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं. पूर्णवेळ शिक्षकाची नोकरी त्यात बसत नाही. शिक्षकाच्या नोकरीचा क्रम उलटा आहे. आधी नोकरी पक्की होते, मग नोकरी देणारा जपानमधल्या इमिग्रेशन कार्यालयातून तुमच्या नावाचं पात्रता प्रमाणपत्र काढतो. सगळे त्याला सीओई म्हणतात. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात, आणि ते निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरावं लागतं. ते दाखवून व्हिसा मिळतो. आपल्या महाराष्ट्राचं काम मुंबईचा जपानी वाणिज्य दूतावास बघतो. या सगळ्यात एजंटला लाखांनी पैसे देण्याची जागा कुठंच नाही. काकांनी पैसे भरले नाहीत याचं मला फार समाधान आहे.

नोकरीच्या वाटा तीन. पहिली जेट, म्हणजे जपान सरकारचा १९८७ पासून चालू असलेला कार्यक्रम. अर्जाला फी नाही, निवड दूतावासामार्फत होते, करार एकेक वर्षाचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षं वाढतो. पहिल्या वर्षाचा पगार एप्रिल २०२५ पासून वर्षाला ४० लाख २० हजार येन झाला आहे. भारतातून निवडले जाणारे थोडे असतात, पण अर्ज जरूर करावा. दुसरी वाट कंत्राटी कंपन्यांची. त्या नगरपालिकांना शिक्षक पुरवतात. पगार महिन्याला सुमारे दोन ते अडीच लाख येन, आणि काही करारांत ऑगस्ट, डिसेंबर अशा सुट्टीच्या महिन्यांचा पगार कापलेला असतो. सही करण्याआधी ते कलम शोधून वाचा. तिसरी वाट खासगी संभाषण वर्गांची, जिथं काम दुपारी सुरू होऊन रात्री नऊच्या आसपास संपतं.

आपल्या भागातल्या मुलांची गाडी अडते ती एका अटीवर. कंपनीमार्फत सरकारी शाळेत जायचं तर जी भाषा शिकवणार, त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असेल तर शाळेच्या लेटरहेडवर माध्यमाचा दाखला घ्या, झालं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी सायन्स आणि तीन वर्षांची पदवी असा हिशेब मांडला तर पाचच वर्षं भरतात. एमए आणि बीएड धरूनही नऊ. मराठी शाळेत शिकून उत्तम इंग्रजी कमावलेल्या मुलांना हे लागतं, हे मी समोर बसून पाहिलं आहे. त्यांनी संभाषण वर्गांकडे वळावं. तो व्हिसा वेगळ्या प्रवर्गातला आहे. त्याला पदवी लागते, ही १२ वर्षांची अट नाही.

मार्कलिस्टवर भागत नाही, पदवीचं प्रमाणपत्रच लागतं. शिवाजी विद्यापीठाचं ते अजून काढलं नसेल तर सगळ्यात आधी त्याच्या मागे लागा. आणि नाव बघा. मार्कलिस्टवर आडनाव पुढं, पासपोर्टवर मागं, कुठं वडिलांचं नाव मध्ये, कुठं लग्नानंतरचं, असा आपल्याकडे सगळा गोंधळ असतो. जपानमध्ये रेसिडेन्स कार्ड (परदेशी माणसाचं तिथलं ओळखपत्र), बँक, पगार सगळं पासपोर्टवरच्या नावानं अक्षर न अक्षर चालतं. निघण्याआधी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घेतलं की पुढचे हेलपाटे वाचतात.

बॅग

मिक्सर नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर २३० व्होल्टचा. तो तिथं चालत नाही. कुकर मात्र न्या, आणि तळ इंडक्शनवर चालणारा बघून घ्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्यासारखी पानं यांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थ अजिबात नेऊ नका. हळद, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट हे बंद पाकिटांत न्या. रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एक महिन्यापुरतंच कागदपत्रांशिवाय नेता येतं. त्याहून जास्त न्यायचं तर आधी जपान सरकारची परवानगी काढावी लागते. मिरजेच्या डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, कारण तिथला डॉक्टर आपलं कंपनीचं नाव ओळखत नाही. खोकल्या-सर्दीच्या काही औषधांत तिथं बंदी असलेले घटक असतात. तेही बघूनच घ्या.

एक गडद सूट हवाच. एप्रिलमधल्या प्रवेश समारंभाला आणि मार्चमधल्या पदवीदानाला सगळे शिक्षक काळ्या किंवा गडद निळ्या कपड्यांत असतात. पदवीदानाला शेवटच्या वर्गाच्या शिक्षिका कधी कधी किमोनो नेसतात. मी उपमुख्याध्यापकांना आधी विचारून इरकल नेसून गेले होते, आणि मुलांच्या आया काठ हातात धरून बघत होत्या. असं काही करायचं असेल तर आधी विचारायचं, एवढीच गोष्ट.

शाळेत घालायचे वेगळे जोडे न्या. बाहेरचे जोडे दारातच काढून कपाटात ठेवायचे आणि आतले घालायचे असतात. पाय मोठा असेल तर तिथं माप मिळायला त्रास होतो.

पैशाचं नीट ठरवून निघा. पहिला पूर्ण पगार दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस येतो असं धरून चाला. घर कंपनीनं दिलं नाही तर अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, दलाली आणि जामीन कंपनीची फी मिळून तीन ते पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे सुरुवातीलाच जातात. लहान गावात एका खोलीचं घर महिना ४० ते ५० हजार येनला मिळतं. दुसऱ्या वर्षाच्या जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, कारण तो आदल्या वर्षाच्या कमाईवर बसतो. पहिल्या वर्षी जो पगार हातात येतो तोच कायम येणार असं समजून कर्जाचा हप्ता ठरवू नका.

घर

उतरल्यावर मोठ्या विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड हातात देतात. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. आरोग्य विमा, पेन्शन, बँक, मोबाईल हे सगळं त्या नोंदीमागून येतं. विमा असला की दवाखान्यात बिलाच्या ३० टक्केच भरावे लागतात.

घर निवडताना पुराचा नकाशा मागा. सांगलीच्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलेलं आपण पाहिलं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वादळी पावसात नागानो शहराजवळ चिकुमा नदीचा बांध फुटला आणि उभ्या शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, गाड्या पाण्यात गेल्या. २०२० च्या ऑगस्टपासून घर भाड्यानं देण्याआधी ते पूररेषेच्या नकाशावर कुठं आहे हे दाखवणं तिथल्या दलालांना कायद्यानं बंधनकारक आहे. 'हाझादो माप्पु' एवढं म्हटलं की नकाशा काढतात. तळमजला स्वस्त असला तरी नकाशा बघून मगच हो म्हणा.

गॅस स्वतः चालू करता येत नाही. कंपनीचा माणूस ठरलेल्या वेळी येतो, शेगडी आणि गीझर तपासतो, सही घेतो. तेव्हा घरी असावं लागतं. ही वेळ पोचण्याच्या दिवशीचीच घेऊन ठेवायला शाळेतल्या कुणाला तरी सांगा, नाहीतर पहिली आंघोळ गार पाण्याची होते.

कचऱ्याचं वेळापत्रक नगरपालिका देते. ते फ्रिजवर चिकटवा. जळणारा कचरा एका वारी, प्लॅस्टिकचं वेष्टण दुसऱ्या, बाटल्या आणि डबे आणखी वेगळ्या. बऱ्याच गावांत पिशवीही नगरपालिकेची विकत घ्यावी लागते, काही ठिकाणी तिच्यावर नाव लिहायचं असतं. कचरा सकाळी, साधारण आठच्या आत ठेवायचा. आदल्या रात्री ठेवला तर कावळे फाडतात. बाटलीचं झाकण आणि कागद काढून, बाटली विसळून ठेवायची. चुकीची पिशवी गाडी उचलत नाही, वर चिठ्ठी चिकटवून तिथंच सोडते, आणि ती कुणाची ते आळीला कळतं. शेजारी तुम्हाला कसं ओळखणार याची सुरुवात इथून होते, म्हणून मी यावर इतकं लिहिते आहे.

थंडीची तयारी सांगलीत बसून होत नाही. नागानोत जानेवारीत पारा शून्याच्या दहा अंश खालीही जातो आणि घराच्या भिंती पातळ असतात. खोली तापवायला रॉकेलची शेगडी असते, १८ लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून तिची टाकी भरायची. मधून मधून खिडकी उघडून हवा बदलायची आणि झोपताना शेगडी बंद करायची, याला अपवाद नाही. त्याहून महत्त्वाचं पाण्याचं. रात्री पारा उणे चारच्या खाली जाणार असेल तर नळ्यांतलं पाणी काढून ठेवावं लागतं. बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात त्यासाठी वेगळी चावी असते. झोपण्याआधी ती बंद करायची, मग घरातले सगळे नळ उघडायचे, गरम पाण्याचाही. नळीतलं पाणी खाली उतरतं आणि नळातून हवा आत ओढल्याचा आवाज येतो. तो आवाज थांबला की नळ बंद. सकाळी आधी नळ बंद आहेत ना ते बघायचं, मग चावी हळू सोडायची. घर दाखवणाऱ्या माणसाकडून ही चावी पहिल्याच दिवशी दाखवून घ्या, आणि स्वतःच्या हातानं एकदा फिरवून बघा. नळी फुटली तर दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडून मागतात.

स्टाफरूम

जपानी शाळेत सगळ्या शिक्षकांची टेबलं एकाच मोठ्या खोलीत असतात आणि उपमुख्याध्यापक सगळ्यांत आधी येऊन सगळ्यांत शेवटी जातात. सकाळी आत पाऊल टाकताना 'ओहायो गोझाइमासु' खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं. तोंडातल्या तोंडात म्हटलेलं चालत नाही. निघताना 'ओसाकी नि शित्सुरेई शिमासु'. सांगून न जाता निघून गेलेला माणूस त्यांना फार खटकतो. रोजच्या सकाळच्या बैठकीतलं जपानी सुरुवातीला डोक्यावरून जातं, तरी वही घेऊन बसा. भिंतीवरच्या फळ्यावर दिवसाचे बदल लिहिलेले असतात. तिथले आकडे आणि वर्गांची नावं वाचता आली की तुमचा तास हलला आहे का ते कळतं. हिरागाना, काताकाना या जपानी अक्षरमाला सांगलीतच पक्क्या करून जा. महिन्याभरात होतात.

सुट्टीवर गेलात तर परत येताना स्टाफरूमसाठी खाऊ आणायची पद्धत आहे. एकेक सुटं पाकीट, प्रत्येकाच्या टेबलावर. सांगलीहून भडंग नेणं मला सगळ्यात सोपं पडलं: हलकं, कोरडं, टिकाऊ. लहान पाकिटांत भरून न्या आणि शेंगदाणे आहेत असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी लावा. अॅलर्जीचे जे पदार्थ पाकिटावर लिहिणं तिथं सक्तीचं आहे, त्यांत शेंगदाणा येतो. मुलांना स्वतःहून खाऊ मात्र द्यायचा नाही, गोळीसुद्धा नाही. कुठल्या मुलाला काय चालत नाही याची नोंद शाळा फार काटेकोर ठेवते, आणि ते बरोबरच आहे.

रजा हक्काची असते. कायद्यानं सहा महिन्यांनी दहा दिवस मिळतात. पण ती कुणाच्या तरी वेळापत्रकातून निघते. सांगलीत लग्न असेल तर तारीख ठरताच सांगा. दिवाळीला शाळा चालू असते. गणपतीचंही तेच, कारण नागानोतल्या शाळा ऑगस्ट संपायच्या आतच सुरू होतात. शिंकान्सेननं टोकियो दीड तासावर आहे आणि तिथं मराठी मंडळ आहे. एखादा रविवार तिकडं काढला तर बरं वाटतं.

मुलांना सुट्टी असते तेव्हाही शिक्षक शाळेत येतात, तुम्हीही जायचं. ते दिवस वर्षभराची चित्रं, कार्डं, खेळ तयार करायला वापरा. दुपारी मैदानावर जाऊन मुलांच्या क्लबचा सराव बघा. मोकळ्या मैदानावर मुलं जेवढी बोलतात तेवढी वर्गात वर्षभरात बोलत नाहीत.

जेवण आणि झाडू

प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत दुपारचं जेवण वर्गातच असतं. मुलं पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मोठी पातेली आणतात, वाढतात, आणि सगळ्यांचं वाढून झाल्यावर 'इतादाकिमासु' म्हणून एकदम सुरुवात होते. जोडीला २०० मिलीलिटर दुधाचं कागदी पाकीट किंवा बाटली. मी शाकाहारी आहे, त्यामुळे इथं नीट सांगते. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असेलच असं नाही. सूप, उकडलेल्या भाज्या, डाळीसारखं दिसणारं मिसो, सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. बाजारातल्या करीच्या वड्यांत बहुतेक वेळा प्राण्यांची चरबी असते. तेव्हा शाळा सुरू होण्याआधीच सांगा की डबा आणेन. जेवणाचे पैसे महिन्याचे कापतात आणि मध्येच बंद करणं स्वयंपाकघराला अवघड जातं. मांस, मासे, माशाचं पाणी, प्रत्येक गोष्ट वेगळी नावानिशी लिहून द्या. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर मासे चालतात असं समजणारे खूप आहेत.

डबा घेऊन वर्गातच बसा, रोज वेगळ्या गटात. माझ्या पोळीभाजीच्या डब्याभोवती जेवढं इंग्रजी बोललं गेलं तेवढं पुस्तकातल्या धड्यावर क्वचितच. "व्हॉट इज इट?", "स्पायसी?", "यू मेक?" आणि मग पोळी कशी लाटतात ते हातानं दाखवताना क्रियापदं आपोआप येतात. कणीक भारतीय दुकानांतून पोस्टानं मागवता येते, टोकियोतल्या निशी-कासाई भागात अशी दुकानं आहेत. तूरडाळ, मोहरी, जिरं तिथंच मिळतं. सुपरमार्केटमध्ये उमे (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ) भरलेला भाताचा गोळा बहुधा चालतो, तरी मागचा मजकूर फोननं वाचून बघा.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं सफाई. वर्ग झाडायला शिपाई नसतो. मुलं, शिक्षक सगळे गुडघ्यावर बसून फरशी पुसतात. रयतच्या शाळांत वर्ग झाडून मोठे झालेल्या आपल्या लोकांना यात नवीन काही वाटायचं कारण नाही. फडकं घ्या आणि सामील व्हा. उभं राहून बघणारा शिक्षक मुलांच्या लक्षात राहतो.

वर्ग

२०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, नुसत्या बोलण्या-ऐकण्याचे. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. प्राथमिकमध्ये वर्गशिक्षकाला इंग्रजीची धास्ती असते, म्हणून तास बराचसा तुमच्यावर येतो. माध्यमिकमध्ये प्रवेश परीक्षेचं ओझं असल्यानं जपानी शिक्षक तास चालवतो आणि तुम्ही वाचून दाखवता, उच्चार घेता, वह्या तपासता. कुठलंही असो, तासाआधी पाच मिनिटं त्या शिक्षकाबरोबर उभं राहून कोण काय करणार ते ठरवा. मुलांसमोर त्याच्या इंग्रजीची दुरुस्ती कधीही करू नका.

पहिला तास स्वतःची ओळख करून देण्याचा. ताजमहाल आणि हत्तीची चित्रं दाखवण्यापेक्षा दहा रुपयांच्या नोटा न्या. गटागटाला एकेक नोट द्या आणि विचारा, यावर भाषा किती? मागच्या बाजूच्या पट्टीत १५, शिवाय हिंदी आणि इंग्रजी, एकूण १७. मुलं नाक नोटेला लावून मोजतात, भांडतात, पुन्हा मोजतात. "थर्टीन!" "नो, फिफ्टीन!" असं ओरडताना त्यांना इंग्रजीची लाज वाटत नाही. मग त्यातली मराठी ओळ दाखवून फळ्यावर एखाद्या मुलीचं नाव देवनागरीत लिहा. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत प्रत्येकाला आपलं नाव लिहून हवं असतं.

प्रश्न विचारल्यावर वर्ग गप्प बसतो. घाबरून स्वतःच उत्तर देऊ नका. एकट्याला उभं करून विचारलं तर चुकण्याच्या भीतीनं मूल गोठतं. आधी शेजाऱ्याशी एक मिनिट बोलू द्या, मग चौघांच्या गटात, मग वर्गासमोर. कोण आधी, हे दगड-कागद-कात्रीनं ठरवा. तिथं सगळंच त्यावर ठरतं आणि कुणी तक्रार करत नाही.

आपल्या उच्चारांवर काम करा. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही 'व' नं भागवतो, 'झेड' चा 'ज' करतो, आणि वेगानं बोलतो. रोज एक पान मोठ्यानं वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. अमेरिकी माणसाची नक्कल करायची गरज नाही. स्वच्छ, सावकाश, शेवटचं अक्षर न गिळता बोललेलं भारतीय इंग्रजी मुलांना उत्तम कळतं. परदेशी भाषा कष्टानं शिकून त्यात काम करणारा माणूस त्यांच्यासमोर उभा आहे, याचा फायदा इंग्लंडहून आलेल्या शिक्षकाला देता येत नाही. मी इंग्रजी शिकले कशी, हे मी त्यांना वारंवार सांगत असे.

राहिलेलं

लहान गावात मोटार लागते. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथं गेल्यापासून एक वर्षापर्यंत चालतो. त्यानंतर जपानी परवाना काढायचा तर लेखी आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून लेखी बरीच कडक झाली आहे. भारतातला परवाना मिळाल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात परवाना काढू नका. 'थांबा' च्या लाल त्रिकोणाशी चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रस्ता रिकामा असला तरी.

भूकंपाबद्दल पाटण-कोयनेकडच्या घरांत १९६७ च्या डिसेंबरची आठवण अजून सांगतात. जपानमध्ये हादऱ्याची तीव्रता ० ते ७ अशा वेगळ्या मापानं सांगतात. शाळेत मुलं टेबलाखाली जातात, मग ओळीनं मैदानावर. सराव होईल तेव्हा तुम्हीही तेच करा. घरी जड कपाट उशाशी ठेवू नका, पाण्याच्या बाटल्या आणि पासपोर्ट एका पिशवीत दाराजवळ ठेवा.

घरच्यांना वेळेचा फरक सांगून ठेवा. जपान साडेतीन तास पुढं आहे. आई रात्री जेवणं आटोपून नऊला फोन लावते तेव्हा तिथं साडेबारा झालेले असतात. तुम्ही शाळेतून पाचला सुटलात की सांगलीत दीड वाजलेला असतो. ती वेळ दोघांना सोयीची.

परत येणाऱ्यांसाठी पेन्शनचं एक. पगारातून पेन्शन कापली जाते आणि देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर काही रक्कम एकदम परत मिळते. हिशेब जास्तीत जास्त पाच वर्षांचा होतो. नोकरदारांच्या पेन्शनमधून त्यावर २०.४२ टक्के कर कापतात. तो परत मिळवायचा तर निघण्याआधी जपानमधल्या एखाद्या विश्वासू माणसाला कर प्रतिनिधी म्हणून कर कार्यालयात नोंदवून या. मात्र रक्कम उचलली की ती वर्षं पुसली जातात. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे आणि त्यात दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. भारतात पीएफ असलेली नोकरी केली असेल किंवा करणार असाल तर घाईनं अर्ज करू नका. तिथल्या पेन्शन कार्यालयातून आपल्या नावावर किती महिने जमा आहेत त्याचा कागद घ्या आणि सांगलीत जाणकाराबरोबर बसून हिशेब करा.